मर्यादा की आज्ञा? अमेरिकेतील मंजूर निधी, अध्यक्षांचे अधिकार आणि काँग्रेसच्या हातातील तिजोरी

प्रास्ताविक

राज्यशास्त्राच्या वर्गात अमेरिकेची शासनव्यवस्था शिकविताना सत्ताविभाजन, नकाराधिकार, महाभियोग हे विषय विद्यार्थ्यांना फारसे जड जात नाहीत. त्यांची गाडी अडते ती एका वरकरणी साध्या प्रश्नापाशी. विधिमंडळाने एखाद्या कामासाठी शंभर रुपये मंजूर केले आणि शासनाने त्यांतले साठच खर्च केले, तर बिघडले कुठे? उलट चाळीस रुपये वाचले. काटकसर हा तर राज्यकर्त्याचा गुण मानला जातो.

हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना पडतो याचे कारण आपल्या व्यवस्थेत आहे. भारतीय राज्यघटनेच्या ११४ व्या अनुच्छेदानुसार विनियोजन कायद्याशिवाय संचित निधीतून पैसा काढता येत नाही. परंतु मंजूर झालेला प्रत्येक रुपया काढलाच पाहिजे, असे बंधन सामान्यतः मानले जात नाही. आपल्याकडे मंजुरी म्हणजे खर्चाची वरची मर्यादा. वर्षअखेरीस विभाग उरलेला निधी 'समर्पित' करतात आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक आपल्या अहवालात या मोठ्या बचतींवर ताशेरे ओढतात. मे २०२० मध्ये कोरोनाच्या संकटात महसूल आटला तेव्हा महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी उपलब्ध होईल असा निर्णय काढला. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर मतभेद झाले असतील. पण शासनाला असा अधिकारच आहे का, हा घटनात्मक वाद काही त्यातून उभा राहिला नाही. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ विधिमंडळातील बहुमतावर उभे असते. बहुमताला काटछाट पसंत नसेल तर ते मंत्रिमंडळच बदलू शकते.

अमेरिकेत ही सोय नाही. तेथील अध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतात, चार वर्षांच्या मुदतीसाठी येतात आणि काँग्रेसला त्यांची धोरणे पटली नाहीत म्हणून पायउतार होत नाहीत. त्यामुळे काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अध्यक्षांनी अडवून ठेवला, तर तेथे प्रश्न हिशेबाचा राहत नाही. कायदा करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, असा होतो. २०२५ या एका वर्षात हा प्रश्न अमेरिकेत जितक्या तीव्रतेने पुढे आला, तितका तो १९७० च्या दशकानंतर आला नव्हता. मंजुरी ही मर्यादा की आज्ञा, या वादाची उत्पत्ती आणि त्यासाठी केलेल्या कायद्यातील उणीव समजावून सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याच वर्षीच्या शटडाऊनशी या वादाचे असलेले नाते सहसा लक्षात घेतले जात नाही. तेही येथे मांडले आहे.

घटनेतील तरतूद आणि सुरुवातीचे दाखले

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात, कायद्याने केलेल्या विनियोजनाखेरीज कोषागारातून पैसा काढता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. महसुलाची विधेयके प्रतिनिधिगृहातच मांडली जावीत, अशीही तरतूद आहे. जेम्स मॅडिसन यांनी 'द फेडरलिस्ट' मधील ५८ व्या निबंधात तिजोरीवरील हा ताबा म्हणजे लोकप्रतिनिधींच्या हातातील सर्वांत परिणामकारक शस्त्र असल्याचे प्रतिपादन केले होते. इंग्लंडच्या राजाशी पार्लमेंटने केलेल्या दीर्घ झगड्याचा धडा त्यामागे होता.

मात्र ही तरतूद नकारात्मक भाषेत आहे हे ध्यानात घ्यावे लागेल. कायद्याशिवाय खर्च करू नका, असे ती सांगते. कायदा झाल्यावर खर्च कराच, असे ती शब्दशः सांगत नाही. तो अर्थ दुसऱ्या ठिकाणाहून काढावा लागतो. दुसऱ्या अनुच्छेदानुसार कायद्यांची निष्ठापूर्वक अंमलबजावणी होईल याची काळजी घेणे हे अध्यक्षांचे कर्तव्य आहे. विनियोजन हाही कायदाच. मग तो निष्ठापूर्वक अंमलात आणणे म्हणजे पैसा खर्च करणे, असा एक पक्ष. अंमलबजावणीत तारतम्य अभिप्रेत असते, असा दुसरा पक्ष.

दुसऱ्या पक्षाचे लोक हमखास थॉमस जेफर्सन यांचे उदाहरण देतात. १८०३ मध्ये काँग्रेसने मिसिसिपी नदीवर गस्त घालण्यासाठी जास्तीत जास्त १५ गनबोटी बांधण्याकरिता ५० हजार डॉलर मंजूर केले होते. त्याच वर्षी लुइझियानाचा प्रदेश फ्रान्सकडून विकत घेण्यात आला, तणाव निवळला आणि जेफर्सन यांनी हा पैसा खर्च न झाल्याचे काँग्रेसला कळविले. पुढे अधिक चांगल्या रचनेच्या बोटी बांधण्यातही आल्या. हा दाखला वाटतो तितका भक्कम नाही. मुळात कायद्यातच 'जास्तीत जास्त' अशी मुभा होती, आणि अध्यक्षांनी काँग्रेसचा हेतू नाकारला नव्हता; परिस्थिती बदलली म्हणून ते थांबले होते.

पहिल्या पक्षाच्या बाजूने १८३८ चा केंडल खटला आहे. टपालाच्या कंत्राटदारांची थकलेली रक्कम चुकती करावी असा कायदा काँग्रेसने केला. पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडल यांनी तिचा काही भागच मान्य केला. कायदे निष्ठापूर्वक राबविण्याच्या कर्तव्यातून ते राबविण्यास मनाई करण्याचा अधिकार निर्माण होत नाही, अशा आशयाची भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने उरलेली रक्कम द्यावयास लावली. विसाव्या शतकात ट्रूमन, केनेडी आदी अध्यक्षांनी संरक्षण खात्याचा काही निधी रोखला. परंतु ते वाद प्रामुख्याने विमाने आणि शस्त्रास्त्रांपुरते राहिले व सेनापती या नात्याने अध्यक्षांना असलेल्या अधिकाराच्या आडोशाने मिटले.

निधी असा रोखून धरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, 'इंपाउंडमेंट', त्याचा मूळ अर्थ भटकी गुरे कोंडवाड्यात घालणे असा होतो. ही प्रतिमा आपल्याकडील ग्रामीण वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. कोंडवाड्यातले गुरू मालकाचेच असते, पण दंड भरल्याखेरीज ते मालकाला मिळत नाही.

निक्सन यांची अडवणूक आणि १९७४ चा कायदा

रिचर्ड निक्सन यांनी हा कोंडवाडा भलताच मोठा केला. १९७२ मध्ये काँग्रेसने जलप्रदूषण नियंत्रणाचा व्यापक कायदा केला व शहरांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बांधण्यासाठी तीन वर्षांत १८ अब्ज डॉलर देण्याचे ठरविले. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश बहुमताने तो फेटाळला. म्हणजे घटनेने अध्यक्षांना दिलेले शस्त्र वापरून झाले आणि ते निष्फळ ठरले. यानंतर निक्सन यांनी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रशासकांना आदेश दिला की, पहिल्या दोन वर्षांसाठीच्या ११ अब्जांपैकी पाचच अब्ज वाटायचे. दोन-तृतीयांश बहुमतानेही जे काँग्रेसला मिळाले नाही, ते अध्यक्षांनी एका पत्राने रोखले. सुमारास ग्रामीण पर्यावरण साहाय्य योजना गुंडाळण्यात आली आणि जानेवारी १९७३ मध्ये गृहनिर्माण अनुदानांना स्थगिती मिळाली.

येथे निक्सन यांच्याच प्रशासनातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९६९ मध्ये न्याय खात्याच्या विधी सल्लागार कार्यालयाचे प्रमुख विल्यम रेनक्विस्ट यांनी, काँग्रेसने खर्च करण्यास सांगितलेला पैसा खर्च न करण्याचा घटनात्मक अधिकार अध्यक्षांना असल्याच्या म्हणण्याला आधार सापडत नाही, असा अभिप्राय दिला होता. रेनक्विस्ट हे पुढे सरन्यायाधीश झाले आणि त्यांची गणना सनातनी विचारांच्या न्यायाधीशांत होते. त्यामुळे हा वाद केवळ उजव्या-डाव्यांचा आहे, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

न्यूयॉर्क शहराने जलप्रदूषणाच्या निधीसाठी खटला भरला. १८ फेब्रुवारी १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराच्या बाजूने निकाल दिला. मात्र तो त्या विशिष्ट कायद्याच्या अर्थावर आधारलेला होता. अध्यक्षांना असा मूलभूत अधिकार आहे की नाही, या घटनात्मक प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. ती गाठ तशीच राहिली आणि पन्नास वर्षांनी पुन्हा हाताला लागली.

निकाल येण्यापूर्वीच काँग्रेसने स्वतःचा मार्ग काढला होता. वॉटरगेटच्या धामधुमीत, १२ जुलै १९७४ रोजी, राजीनाम्याच्या चार आठवडे अगोदर, निक्सन यांनीच 'काँग्रेस अर्थसंकल्प व निधी-अडवणूक नियंत्रण कायद्या'वर स्वाक्षरी केली. प्रतिनिधिगृहात ४०१ विरुद्ध ६ आणि सिनेटमध्ये ७५ विरुद्ध शून्य असे त्याचे बहुमत होते. या कायद्याने वित्तीय वर्षाची सुरुवात १ जुलैऐवजी १ ऑक्टोबरला नेली, काँग्रेसचे स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय स्थापन केले आणि निधी अडविण्याचे दोनच वैध प्रकार मान्य केले.

पहिला प्रकार लांबणीचा. वर्षाच्या आत काही काळ खर्च पुढे ढकलता येतो, पण आकस्मिक गरजांची तरतूद किंवा कार्यक्षमता अशा मर्यादित कारणांसाठीच. काँग्रेसचे धोरण पसंत नाही हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही, हे १९८७ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट झाले. दुसरा प्रकार रद्दीकरणाचा. अध्यक्षांना एखादा खर्च नकोच असेल तर त्यांनी काँग्रेसकडे तसा प्रस्ताव पाठवावा. अधिवेशनाच्या सलग ४५ दिवसांत काँग्रेसने तो विधेयकाच्या रूपाने मंजूर केला तर निधी रद्द होईल. अन्यथा पैसा मोकळा करावाच लागेल. काँग्रेस गप्प राहिली तर तिचे मौन हा नकार समजायचा, हे यातील मर्म. या व्यवहारावर लक्ष ठेवण्याचे काम कॉम्प्ट्रोलर जनरल यांच्याकडे सोपविण्यात आले. हे पद आपल्या महालेखापरीक्षकांशी मिळतेजुळते असून त्यांचे कार्यालय १९२१ पासून काँग्रेसच्या अखत्यारीत आहे. बेकायदा अडवणूक झाल्यास काँग्रेसला पूर्वसूचना देऊन त्यांना न्यायालयात जाता येते.

यानंतर अध्यक्षांना काटछाटीचा अधिकार कायद्यानेच देण्याचा एक प्रयत्न झाला. १९९६ च्या कायद्याने बिल क्लिंटन यांना मंजूर विधेयकातील निवडक बाबी खोडण्याची मुभा मिळाली व १९९७ मध्ये त्यांनी ती ८२ वेळा वापरली. जून १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती घटनाबाह्य ठरविली. कायदा एकदा झाला की अध्यक्ष त्याचे तुकडे करू शकत नाहीत, असा त्याचा सारांश. काँग्रेसने आपण होऊन दिलेला अधिकारही जर टिकला नाही, तर न दिलेला अधिकार अध्यक्षांकडे कसा असेल, असा युक्तिवाद तेव्हापासून केला जातो. तो प्रस्तुत लेखकाला सबळ वाटतो.

२०१९ मध्ये युक्रेनसाठी मंजूर झालेल्या संरक्षण साहाय्यापैकी सुमारे २१.४ कोटी डॉलर व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने रोखले. या प्रकरणातून डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील पहिला महाभियोग उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये कॉम्प्ट्रोलर जनरल यांच्या कार्यालयाने ही अडवणूक १९७४ च्या कायद्याचा भंग असल्याचा निर्णय दिला; फेब्रुवारीत सिनेटने अध्यक्षांना दोषमुक्त केले. निर्णय कागदावर राहिला.

२०२५: दिनदर्शिकेतील फट

दुसऱ्यांदा निवडून येण्यापूर्वीच ट्रम्प यांनी १९७४ चा कायदा घटनाबाह्य असल्याची भूमिका जाहीर केली होती, आणि अर्थसंकल्प कार्यालयाचे संचालक रसेल वॉट यांचेही मत तेच होते. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्या दिवशीच, परराष्ट्र विकास साहाय्याला ९० दिवसांची स्थगिती देण्यात आली. २७ जानेवारीला अर्थसंकल्प कार्यालयाने एका छोट्या टिपणाद्वारे संघराज्याची जवळजवळ सर्व अनुदाने व कर्जे तात्पुरती थांबविण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी अनेक राज्यांतून मेडिकेडच्या देयकांची संगणकीय यंत्रणा बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि २९ जानेवारीला टिपण मागे घेण्यात आले. दोन दिवसांचा हा गोंधळ एका अर्थाने उपयुक्त ठरला: 'निधी' हा शब्द आपण अमूर्तपणे वापरतो, प्रत्यक्षात तो कुठल्याशा गावातील दवाखान्याचे मासिक देयक असतो, हे त्याने दाखवून दिले.

परराष्ट्र साहाय्य मात्र पूर्ववत झाले नाही. १ जुलै २०२५ रोजी युएसएड या संस्थेचे उरलेले काम परराष्ट्र खात्यात विलीन झाले. मे महिन्यात कॉम्प्ट्रोलर जनरल यांच्या कार्यालयाने विद्युत वाहनांच्या चार्जिंग केंद्रांचा निधी रोखणे बेकायदा ठरविले; त्यानंतर ग्रंथालये-संग्रहालये व बालशिक्षणाच्या निधीबाबतही तसेच निर्णय आले. प्रशासनाने ते मानले नाहीत.

येथपर्यंतचा वाद ओळखीचा होता. नवी गोष्ट घडली ती ऑगस्टच्या अखेरीस. अध्यक्षांनी ४.९ अब्ज डॉलरचे परराष्ट्र साहाय्य रद्द करण्याचा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठविला. वरवर पाहता ही १९७४ च्या कायद्याने घालून दिलेलीच रीत. परंतु दिनदर्शिका पाहा. वित्तीय वर्ष ३० सप्टेंबरला संपते आणि या निधीची मुदतही त्याच दिवशी संपत होती. ४५ दिवस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जाणार. म्हणजे काँग्रेसने प्रस्ताव मंजूर करो, फेटाळो वा गप्प बसो, ४५ दिवस निधी अडवून ठेवला की पैसा आपोआप मरतो. काँग्रेसचे मौन हा नकार मानण्यासाठी रचलेल्या कायद्यात मौनाचाच होकार झाला. या युक्तीला अमेरिकेत 'पॉकेट रिसिशन' म्हणतात. प्रस्ताव खिशात ठेवून दिवस मोजायचे, एवढेच त्यात करायचे असते. मुदत संपेपर्यंत निधी रोखण्याची परवानगी कायदा देत नाही, असे कॉम्प्ट्रोलर जनरल यांच्या कार्यालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. सिनेटच्या विनियोजन समितीच्या अध्यक्ष सुझन कॉलिन्स या स्वतः रिपब्लिकन; त्यांनीही ही कृती कायद्याचा भंग असल्याचे जाहीरपणे सांगितले.

कनिष्ठ न्यायालयाने पैसा मोकळा करण्याचा आदेश दिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी, मुदत संपण्यास चार दिवस असताना, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सुमारे ४ अब्ज डॉलरपुरत्या त्या आदेशाला स्थगिती दिली. हा अंतिम निकाल नव्हता, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. निधी अडविण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. या खटल्यातील साहाय्य संस्थांना १९७४ च्या कायद्याच्या आधारे दाद मागता येणार नाही, असे दाखविण्यात शासन प्राथमिक टप्प्यावर यशस्वी झाले आहे, आणि परराष्ट्र व्यवहारातील अध्यक्षांची अडचण अधिक वजनदार आहे, इतकेच संक्षिप्त आदेशात होते. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मत नोंदविले. तत्त्वाचा प्रश्न पुन्हा एकदा खुला राहिला. पैसा मात्र ३० सप्टेंबरला संपला. अंतिम निकालापूर्वीच वस्तू नष्ट होत असेल तर अंतरिम आदेश हाच निकाल ठरतो, हे कोणताही वकील सांगेल.

साठ मते आणि एक्कावन्न मते

३० सप्टेंबरच्या मध्यरात्री आणखी एक घटना घडली. नव्या वर्षाचा निधी मंजूर न झाल्याने संघशासनाचे बरेच कामकाज बंद पडले. हे शटडाऊन १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस, चालले. २०१८-१९ च्या ३५ दिवसांना मागे टाकून ते तोवरचे सर्वांत दीर्घ ठरले. आपल्याकडील वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन केवळ पक्षीय हट्ट असे केले. ते अपुरे आहे.

मुळात शटडाऊन ही घटनाकारांची कल्पना नव्हे. विनियोजनाशिवाय खर्च करण्यास किंवा देणी अंगावर घेण्यास मनाई करणारा कायदा १८७० पासूनचा आहे. पण निधीत खंड पडला तरी खाती कामे चालू ठेवत असत. १९८० व १९८१ मध्ये अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला. जीविताचे वा मालमत्तेचे रक्षण वगळता अन्य कामे थांबलीच पाहिजेत, असा तो अर्थ. आज जे अटळ वाटते ते एका कायदेशीर अभिप्रायाचे अपत्य आहे. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत संमत होणार नसेल तर ११६ व्या अनुच्छेदाखालील लेखानुदान मदतीला येते, आणि विनियोजन विधेयकच नामंजूर झाले तर सरकारच जाते. अमेरिकेतही तात्पुरत्या निधीचा ठराव असतो, परंतु तो संमत करावा लागतो, आणि सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला येण्यासाठी १०० पैकी ६० मते लागतात. रिपब्लिकन पक्षाकडे ५३ होती.

खरी मेख येथे आहे. खर्चाचा कायदा करण्यासाठी ६० मते लागतात, म्हणून बहुमतवाल्यांना विरोधकांशी सौदा करावा लागतो. पण १९७४ च्या कायद्यानुसार रद्दीकरणाचे विधेयक जलद मार्गाने, साध्या बहुमताने संमत होते. मार्च २०२५ मध्ये काही डेमोक्रॅट सिनेटरांनी स्वपक्षीयांचा रोष पत्करून वर्षभराच्या निधीला वाट मोकळी करून दिली. जुलैमध्ये त्या व आधीच्या कायद्यांतील सुमारे ९ अब्ज डॉलर, मुख्यतः परराष्ट्र साहाय्य आणि सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीचे १.१ अब्ज, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी रद्द झाले. ही कृती पूर्णतः कायदेशीर होती, आणि काँग्रेसनेच केली होती. तरीही विरोधकाच्या बाजूने विचार करून पाहावा: साठाने ठरलेला सौदा एक्कावन्नांनी मोडता येत असेल, आणि तेवढीही तसदी न घेता ऑगस्टअखेरच्या एका पत्राने मोडता येत असेल, तर सौद्यावर सही कशासाठी करायची? शटडाऊनमधील डेमोक्रॅट पक्षाची प्रमुख मागणी आरोग्य विम्याच्या वाढीव करसवलतीची होती. परंतु मंजूर निधी परस्पर रद्द होणार नाही याची हमी हाही त्या वाटाघाटींचा भाग होता. निधी अडविणे आणि निधी न मिळणे हे दोन वेगळे आजार म्हणून पाहिले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसऱ्याला पहिल्याची बाधा झाली होती.

शटडाऊनच्या काळात तिजोरीचा ताबा दोन्ही बाजूंनी ताणला गेला. पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कमधील हडसन नदीखालील बोगदा व भुयारी रेल्वे या प्रकल्पांचा सुमारे १८ अब्ज डॉलरचा निधी गोठविल्याचे जाहीर झाले; पाठोपाठ विरोधकांना मते देणाऱ्या राज्यांतील ऊर्जा प्रकल्पांवर गदा आली. म्हणजे मंजूर पैसा दिला जात नव्हता. त्याच महिन्यात सैनिकांचे पगार संरक्षण संशोधनासाठी राखलेल्या निधीतून करण्यात आले, आणि एका देणगीदाराने त्याकरिता १३ कोटी डॉलर दिले. म्हणजे ज्या कामासाठी मंजुरी नव्हती त्यासाठी पैसा दिला जात होता. ज्या हेतूसाठी निधी मंजूर झाला त्याच हेतूसाठी तो वापरावा, हा अमेरिकी नियम १८०९ पासूनचा आहे. सैनिकाला पगार मिळू नये असे कोण म्हणेल? म्हणूनच या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध आवाज क्षीण राहिला. राजाने स्वतःच्या पैशातून सैन्य पोसू नये, यासाठी ज्या परंपरेने शतकभर लढा दिला, तिच्या वारसांनी ही देणगी फारशी चर्चा न करता स्वीकारली, हे नवल आहे.

सामान्य माणसाच्या वाट्याला काय आले? अन्नसाहाय्य योजनेच्या सुमारे ४ कोटी २० लाख लाभार्थ्यांना नोव्हेंबरचा हप्ता मिळेल की नाही, हे ३१ ऑक्टोबरपर्यंत ठाऊक नव्हते. आकस्मिक निधी वापरण्यासाठी न्यायालयांना सांगावे लागले. विनावेतन राबणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांच्या कमतरतेमुळे ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करण्यात आली. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांना या प्रकरणाची झळ एका अनपेक्षित बाजूने लागली. व्हिसा व नागरिकत्वाची कार्यालये अर्जदारांच्या शुल्कावर चालतात, म्हणून ती उघडी राहिली. मात्र एच-१बी अर्जाआधी कामगार खात्याकडून जे प्रमाणन घ्यावे लागते ते खाते विनियोजनावर चालते, म्हणून ते थांबले. एकाच अर्जाचा एक कागद चालू आणि दुसरा बंद, असा हा प्रकार होता. विनियोजन म्हणजे काय, हे समजण्यास यापेक्षा सोपे उदाहरण प्रस्तुत लेखकाला तरी सापडलेले नाही.

१२ नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने काही खात्यांना वर्षभराचा व उरलेल्यांना ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा निधी मिळाला. शटडाऊनच्या काळात कर्मचाऱ्यांना दिलेल्या कपातीच्या नोटिसा रद्द झाल्या. अध्यक्षांनी मंजूर निधी परस्पर रोखू नये असे बंधन मात्र त्या कायद्यात आले नाही.

१९७४ च्या कायद्याने दाद मागण्याचा अधिकार ज्यांना निःसंदिग्धपणे दिला आहे, ते कॉम्प्ट्रोलर जनरल. पन्नास वर्षांत या अधिकाराखाली खटला एकदाच, १९७५ मध्ये, गृहनिर्माण अनुदानाच्या निधीसाठी दाखल झाला आणि पैसा मोकळा झाल्याने तो निकालापर्यंत गेलाच नाही. जीन डोडारो यांची पंधरा वर्षांची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. त्यांच्या कार्यालयाने त्या वर्षी अनेक अडवणुकी बेकायदा ठरविल्या, पण ते न्यायालयात गेले नाहीत. त्यांचा उत्तराधिकारी निवडण्याची रीत १९८० च्या कायद्याने ठरलेली आहे: काँग्रेसच्या नेत्यांचा आयोग नावे सुचवितो, सिनेट संमती देते, आणि नामनिर्देशन अध्यक्ष करतात.